वेबपृष्ठाची भाषा शिकविणारी साधने : निवडीच्या निकषांची चिकित्सा

सारांश

एचटीएमएल आणि सीएसएस शिकण्यासाठी आज साधनांची वाण नाही. वाण आहे ती साधन निवडण्याच्या निकषांची. चुकीचे लिहिलेले वेबपृष्ठही ब्राउझर विनातक्रार दाखवितो. त्यामुळे साधनातील दोष विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटत नाही आणि 'पान दिसले म्हणजे शिकणे झाले' असा समज पक्का होतो. प्रस्तुत लेखात काही प्रचलित साधनांचा परामर्श घेऊन त्यांच्या मूल्यमापनाचे चार निकष मांडले आहेत. देवनागरी लिपीत पान तयार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे निकष तपासले आहेत.

बीजसंज्ञा : एचटीएमएल, सीएसएस, वेब मानके, अध्ययन साधने, सुगम्यता, देवनागरी.

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी आराखड्यात कौशल्याधारित विषयांना जागा मिळाली. त्यामुळे वेबपृष्ठ तयार करण्याचा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता राहिलेला नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढेही तो येतो, आणि तो शिकविण्याची जबाबदारी कधी कधी अशा प्राध्यापकावर येते ज्याचे स्वतःचे शिक्षण या विषयात झालेले नसते. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो साधनाचा. पुस्तक कोणते घ्यावे, संकेतस्थळ कोणते सांगावे, चित्रफीत कोणती दाखवावी?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोयीने दिले जाते. जे सोपे, जे फुकट, जे शोधयंत्रात प्रथम सापडते ते चांगले, असे मानले जाते. इतर विषयांत ही सोय फारशी घातक ठरत नाही. गणितातील चुकीचे सूत्र चुकीचे उत्तर देते; रसायनशास्त्रातील चुकीचे प्रमाण परीक्षानळीत उघडे पडते. वेबपृष्ठाच्या बाबतीत तसे होत नाही, आणि प्रस्तुत चिकित्सेची गरज नेमकी येथून निर्माण होते.

चूक न दाखविणारा ब्राउझर

एचटीएमएल ही आज्ञावलीची भाषा नव्हे. ती मजकुरावर खुणा करण्याची भाषा आहे. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, असे ती सांगते. तो मथळा कोणत्या रंगाचा, किती मोठा, पानावर कोठे, हे सांगण्याचे काम सीएसएसचे. १९९४ मध्ये हाकोन व्ह्यूम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती मानक म्हणून स्वीकारली. मजकुराचा अर्थ एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे ही विभागणी त्या मानकाचा गाभा होय.

पुढील वर्षी, म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये, एचटीएमएल ४.० या आवृत्तीने 'फॉन्ट' आणि 'सेंटर' हे टॅग त्याज्य ठरविले. ते रूप सांगत होते, अर्थ सांगत नव्हते, हे त्याचे कारण. ऑक्टोबर २०१४ मध्ये मानक झालेल्या एचटीएमएल ५ ने ते कालबाह्य म्हणून बाहेर काढले. मजकूर पडद्यावर सरकविणारा 'मार्की' टॅग तर एका ब्राउझरने आपल्यापुरता आणलेला. मानकाने लेखकाला तो वापरण्याची मुभा कधीच दिली नाही.

तथापि हे तिन्ही टॅग आजही ब्राउझरमध्ये चालतात. जुनी पाने मोडू नयेत म्हणून ब्राउझर त्यांचा आदर करतो. टॅग बंद करायचा राहिला, एकात एक चुकीचे गुंफले गेले, तरीही तो काही ना काही पान दाखवितोच. सदोष मजकूर कसा सावरून घ्यावा याचे नियमही आजच्या मानकातच लिहिलेले आहेत. ही उदारता वाचकाच्या हिताची आहे. विद्यार्थ्याच्या हिताची मात्र नाही. त्याने 'सेंटर' लिहिले, मथळा मध्यभागी आला, आणि आपण बरोबर शिकलो अशी त्याची खात्री पटली. साधन चांगले की वाईट हे पडद्यावरून ठरविता येत नाही, ते याच कारणाने. निकष बाहेरून आणावे लागतात.

निकष

पहिला निकष अर्थ आणि रूप यांच्या भेदाचा. साधन हा भेद पहिल्या काही धड्यांतच घडविते की टॅगांची यादी पाठ करून घेते, हे पाहावे. 'मोठे अक्षर हवे म्हणून मथळ्याचा टॅग' असे शिकविणारे साधन आणि 'हा मजकूर मथळा आहे म्हणून मथळ्याचा टॅग' असे शिकविणारे साधन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा निकष कालभानाचा. कोणती गोष्ट कधीची, कोणती त्याज्य झाली, कोणती सर्व ब्राउझरांत चालते हे साधन सांगते काय? तिसरा निकष पडताळणीचा. आपले लेखन मानकाशी ताडून पाहण्याची रीत ते विद्यार्थ्याला देते काय? चौथा निकष वाचकाच्या भानाचा. जो पान डोळ्यांनी पाहत नाही, कानाने ऐकतो, आणि जो रोमनखेरीज अन्य लिपीत वाचतो, त्याचा विचार त्या साधनात आहे काय?

'सोपेपणा' हा निकष येथे हेतुतः घेतलेला नाही. तो महत्त्वाचा खराच. परंतु वरील चार निकषांवर टिकलेल्या साधनांतून निवड करताना तो लावावा. सुरुवातीलाच लावला तर तो बाकीच्या चारांना गिळून टाकतो.

प्रचलित साधनांचा परामर्श

डब्ल्यूथ्रीस्कूल्स हे १९९८ पासून चालणारे नॉर्वेतील एका खासगी कंपनीचे संकेतस्थळ. नावातील साम्यामुळे ते वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचे असावे असा समज होतो; वस्तुतः त्या संस्थेशी त्याचा संबंध नाही. २०११ मध्ये काही वेब-तज्ज्ञांनी त्यातील चुकांची जाहीर यादीच प्रसिद्ध केली होती. त्यानंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि टीकाकारांनीही आपला सूर सौम्य केला. आज 'फॉन्ट' टॅगच्या पानावर तो एचटीएमएल ५ मध्ये नाही अशी सूचना तेथे मिळते. तेव्हा जुन्या आक्षेपांच्या आधारे हे स्थळ मोडीत काढणे न्याय्य ठरणार नाही. छोटे धडे, सोपी वाक्ये आणि लिहिलेले लगेच चालवून पाहण्याची सोय हे त्याचे खरे गुण आहेत. इंग्रजीची भीती असलेल्या विद्यार्थ्याला ते आपलेसे वाटते.

दोष आहे तो क्रमाचा. एचटीएमएलच्या धड्यांतच, सीएसएसची स्वतंत्र ओळख होण्यापूर्वी, रंग आणि पार्श्वभूमी टॅगच्या आत 'स्टाइल' ॲट्रिब्यूट लिहून देण्यास शिकविले जाते. नियमाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. परंतु पहिल्याच आठवड्यात हाताला लागलेले वळण पुढे सुटत नाही. विद्यार्थी प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र रंग देत राहतो. 'फॉन्ट' टॅग गेला तरी त्यामागची वृत्ती कायम राहते. पहिल्या निकषावर हे साधन येथे उणे पडते.

एमडीएन हे मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेले दस्तऐवजांचे स्थळ. २०१७ पासून गुगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम यांचे प्रतिनिधी त्याच्या सल्लागार मंडळात आले आणि ब्राउझर-निर्मात्यांचे सामाईक संदर्भस्थळ असे स्थान त्याला लाभले. त्याच्या अध्ययन-विभागात मजकुराची रचना, शैली, पानाची मांडणी आणि सुगम्यता यांचे स्वतंत्र घटक आहेत. त्याज्य टॅगवर तशी ठळक खूण असते. कोणती गोष्ट कोणत्या ब्राउझरमध्ये चालते याचा तक्ता असतो आणि पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख असते. पहिल्या तीन निकषांवर याहून भक्कम साधन सापडणे कठीण आहे.

अडचण वेगळी आहे. एमडीएनमध्ये पाठ आणि संदर्भकोश शेजारी शेजारी नांदतात. शोधयंत्रातून येणारा विद्यार्थी अनेकदा पाठाऐवजी कोशाच्या पानावर उतरतो आणि पारिभाषिक इंग्रजीच्या पहिल्याच परिच्छेदात अडखळतो. त्याची मराठी आवृत्ती नाही. 'एमडीएन वाचा' एवढे सांगून प्राध्यापकाचे काम संपत नाही. कोणती पाने, कोणत्या क्रमाने, हे लिहून द्यावे लागते.

जॉन डकेट यांचे 'एचटीएमएल ॲण्ड सीएसएस : डिझाइन ॲण्ड बिल्ड वेबसाइट्स' हे २०११ मधील पुस्तक शिकविण्याच्या दृष्टीने आजही अनुकरणीय आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर एकच कल्पना, रंगीत आकृती आणि मोजका मजकूर अशी त्याची रचना आहे. तांत्रिक पुस्तकाला घाबरणाऱ्या वाचकाला ते धीर देते. परंतु पानाची मांडणी त्यात 'फ्लोट' या गुणधर्माने आणि ९६० पिक्सेलच्या ठरावीक रुंदीने शिकविली आहे. 'फ्लेक्सबॉक्स' रुळण्यापूर्वीचा तो काळ होता; 'ग्रिड' तर प्रमुख ब्राउझरांत २०१७ मध्ये आले. मोबाइलच्या पडद्यावर पान पाहणाऱ्या आजच्या वाचकासाठी ती प्रकरणे अपुरी ठरतात. हा लेखकाचा दोष नव्हे. हा पुस्तक नावाच्या वस्तूचा स्वभाव होय, कारण छापलेले पान स्वतःहून बदलत नाही. मजकुराची रचना, तक्ते, प्रपत्रे आणि रंग यांवरील भाग घ्यावा आणि मांडणीचे प्रकरण दुसरीकडून शिकवावे, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

डेव्ह शे यांचे 'सीएसएस झेन गार्डन' हे २००३ मधील संकेतस्थळ पाठ्यसाधन नाही, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. एकच एचटीएमएल मजकूर, आणि त्यावर वेगवेगळ्या कलावंतांनी चढविलेले दोनशेहून अधिक सीएसएस साज. मजकुरातील एक अक्षरही न बदलता पान संपूर्ण पालटते. पहिला निकष समजावून सांगण्यासाठी तासभराच्या व्याख्यानापेक्षा हे पाच मिनिटांचे दर्शन अधिक परिणामकारक ठरते. त्यातील युक्त्या मात्र बऱ्याच अंशी जुन्या काळच्या. त्या शिकण्यासाठी नव्हेत.

चित्रफितींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मराठी व हिंदी निवेदनामुळे त्या जवळच्या वाटतात. परंतु चित्रफितीत नेमके वाक्य शोधता येत नाही, चूक सापडली तरी मधले वाक्य दुरुस्त करता येत नाही, आणि पाहणारा समोरचे टंकलेखन उतरवून घेण्यात गुंततो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला. पाठ लहान ठेवायचा, पाहणाऱ्याने तो ऐकत ऐकत स्वतः करावयाचा, आणि निवेदन मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावयाचे. कोणतीही चित्रफीत निवडताना हा नमुना डोळ्यांसमोर ठेवावा.

२०२२ च्या अखेरीपासून संवादी भाषाप्रारूपांचे साधनही विद्यार्थ्याच्या हाती आले आहे. मागितले की संपूर्ण पान लिहून मिळते. ब्राउझर जसा चूक दाखवीत नाही तसे हे साधन आपल्या उत्तराचा काळ आणि आधार स्वतःहून सांगतेच असे नाही. तिसरा निकष, म्हणजे पडताळणीची सवय, येथे सर्वाधिक आवश्यक ठरतो. ज्याला भेद कळतो त्याचे काम ते हलके करते; ज्याला कळत नाही त्याचे अज्ञान ते झाकते.

देवनागरीची कसोटी

वरील सर्व साधने रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली आहेत. मराठीत पान करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे काही गोष्टी कोणीच सांगत नाही.

'फॉन्ट' टॅगला मराठीत एक वेगळा इतिहास आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे स्वतःचे टंक वापरीत. संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असे. त्यावर देवनागरी आकाराचा टंक चढविला की तो मराठी दिसे. टंक नसलेल्या संगणकावर तेच पान निरर्थक रोमन चिन्हांचा पसारा होई. शोधयंत्राला तो मजकूर सापडत नसे, वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला तो उच्चारता येत नसे. अर्थ सोडून केवळ रूप जपण्याचे परिणाम मराठी वाचकाने अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवले आहेत. त्या काळातील टिपणांवरून आजही शिकविले जात असेल, तर प्रश्न केवळ जुनेपणाचा राहत नाही.

आज पानाच्या शीर्षभागात वर्णसंच 'यूटीएफ-८' असल्याचे सांगणे आणि मूळ टॅगवर 'लँग' ॲट्रिब्यूटला मराठीचा 'एमआर' हा संकेत देणे ही पहिली पायरी होय. परदेशी धड्यातील नमुना जसाच्या तसा उतरविला तर तेथे इंग्रजीचा 'ईएन' राहतो, आणि स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. 'एमआर' दिले तर मराठी आवाज उपलब्ध असल्यास तो निवडला जातो. ज्या टंकांत तशी सोय आहे तेथे 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपेही उमटतात. हिंदीचा संकेत दिल्यास ती उमटत नाहीत.

सीएसएसमध्येही असेच आहे. अक्षरांतील अंतर वाढविणारा गुणधर्म रोमन मथळ्याला शोभा देतो. देवनागरीत तो शिरोरेषा तोडतो. ओळींमधील अंतर इंग्रजी नमुन्याप्रमाणे घट्ट ठेवले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या एकमेकांत अडकतात. अक्षरे मोठ्या लिपीत बदलणाऱ्या गुणधर्माचा देवनागरीवर परिणामच होत नाही. तिरपा ठसा इंग्रजीत भर देण्यासाठी वापरतात; मराठी टंकांत तो बहुधा नसतो आणि ब्राउझर अक्षरे नुसती कलती करतो. भर देण्याचा टॅग तसाच ठेवून त्याचे रूप सीएसएसने ठळक करावे, हा यावरचा उपाय. आणि तो उपाय सुचण्यासाठी अर्थ व रूप यांचा भेद आधी कळलेला असावा लागतो.

सुगम्यतेचा मुद्दाही असाच. चित्राला 'आल्ट' मजकूर, प्रपत्रातील प्रत्येक रकान्याला 'लेबल', मथळ्यांची क्रमवार उतरंड या गोष्टी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या १९९९ मधील पहिल्या सुगम्यता-मार्गदर्शिकेपासून आग्रहाने सांगितल्या जात आहेत. तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने माहितीच्या सुगम्यतेला कायद्याचे बळ दिले. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जाचे पान दृष्टिहीन विद्यार्थ्याला भरता येते की नाही, हे शेवटी ते पान लिहिणारा कोणत्या साधनातून शिकला यावर अवलंबून असते.

निवडीची व्यवहार्य रीत

नवे साधन समोर आले असता प्राध्यापकास अर्ध्या तासात त्याची परीक्षा करता येते. त्यातील पहिला नमुना उघडावा आणि भाषा व वर्णसंच सांगितले आहेत काय हे पाहावे. 'फॉन्ट', 'सेंटर', 'मार्की' हे टॅग चालू रीत म्हणून शिकविले असतील तर साधन बाजूला ठेवावे. तक्त्याचा टॅग आकडेवारीसाठी वापरला आहे की संपूर्ण पान चौकटींत बसविण्यासाठी, हे तपासावे. मांडणीच्या पाठात 'फ्लेक्सबॉक्स' व 'ग्रिड' आहेत काय, चित्राच्या पहिल्याच उदाहरणात 'आल्ट' आहे काय, आणि पडताळणी-सेवेचा उल्लेख आहे काय, हेही पाहावे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची पडताळणी-सेवा विनामूल्य आहे. पान तिला दिले की ओळीगणिक चुका ती सांगते. ब्राउझर जे झाकतो ते ती उघड करते.

याच जोडीला प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत बदलणे अगत्याचे आहे. पडद्यावर पान दिसले म्हणून पूर्ण गुण दिले जात असतील, तर उत्तम साधनही निष्फळ ठरेल. विद्यार्थी परीक्षेला पुरेल तेवढेच घेईल. मूळ लेखन पाहून आणि पडताळणीचा अहवाल जोडून घेऊन गुण दिले, तर साधनाची निवड विद्यार्थी स्वतःच सुधारील.

निष्कर्ष

कोणतेही एक साधन चारही निकषांवर पूर्ण उतरत नाही. एमडीएनचा अध्ययन-विभाग कणा म्हणून घ्यावा. डब्ल्यूथ्रीस्कूल्सची चालवून पाहण्याची सोय सरावासाठी वापरावी, क्रम मात्र तिचा घेऊ नये. डकेट यांच्या पुस्तकातील निवडक प्रकरणे पहिल्या ओळखीसाठी उपयुक्त ठरतील, आणि झेन गार्डन एका तासाचे दर्शन म्हणून दाखवावे. देवनागरीचा भाग यांपैकी कोणीही शिकवीत नाही. तो मराठी प्राध्यापकानेच लिहावयास हवा. एमडीएनचा मजकूर मुक्त परवान्याखाली असून श्रेयनिर्देश करून आणि त्याच परवान्याच्या अटी पाळून त्याचे भाषांतर करता येते. एखाद्या विभागाने वर्षाला दहा पाठ मराठीत आणून त्यांना देवनागरीची टिपणे जोडली, तरी चांगल्या साधनाचा शोध थांबून त्याची निर्मिती सुरू होईल.